सोमवार पेठेतली त्रिशुंड गणपतीची संध्याकाळ

इतकी वर्षं पुण्यात राहून त्रिशुंड गणपतीला आज पहिल्यांदा गेले. सोमवार पेठेत, कमला नेहरू हॉस्पिटलच्या जवळच. रिक्षांचे हॉर्न ऐकतच दारापाशी पोचले आणि तो काळा पाषाण पाहून पाय तिथेच थांबले.

१७५४ मध्ये भीमगिरजी गोसावींनी बांधायला घेतलेलं हे मंदिर. दर्शनी भिंतीवर द्वारपाल, हत्ती, मोर, आणि चक्क साखळदंडांनी बांधलेला गेंडा, शेजारी बंदुका घेतलेले गोरे शिपाई! पेशवाईतल्या कुणा पाथरवटाने हे दगडात कोरावं? मी त्या एका शिल्पापुढेच कितीतरी वेळ उभी होते. गाभाऱ्याच्या भिंतीवर संस्कृतबरोबर फारसी शिलालेखही आहे.

आत तीन सोंडांचा, मोरावर बसलेला गणपती. असं रूप मी आधी कुठेच पाहिलं नव्हतं. खाली तळघर आहे, एका गोसावी महंतांची समाधी तिथे आहे. ते गुरुपौर्णिमेला उघडतात. तेव्हा आईला घेऊन जायचंच.

गाभाऱ्यात गारवा होता. शेजारी एक आजी अथर्वशीर्ष म्हणत होत्या, हळू, स्वतःपुरतं. त्यांचं संपेपर्यंत मी उठले नाही.