तुम्ही विचारलंत म्हणून: निकॉन की कॅनन?

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, एकदा तर माझ्या तोंडात कापूस असताना दातांच्या डॉक्टरांकडून, प्रश्न तोच: "पहिलाच डीएसएलआर घ्यायचाय, बजेट बेताचं आहे. निकॉन घेऊ की कॅनन?" डॉक्टरांना मी तेव्हा नुसता हुंकार देऊ शकलो. बाकीच्यांना उलट विचारतो, "तुमच्या जवळच्या कोणाकडे कुठला आहे?" समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला मॉडेल नंबर हवा असतो आणि मी नातेवाइकांची यादी मागतो.

तर एकदाच सविस्तर सांगतो.

विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा दोनच कॅमेरे असतात, निकॉनचा डी३५०० आणि कॅननचा १५००डी. दोन्ही २०१८ साली आले. निकॉनने डी३५०० बनवणं आता बंद केलंय, त्यामुळे हल्ली हा प्रश्न निम्म्याहून जास्त वेळा सेकंडहँडचाच असतो. मिररलेस (डीएसएलआरमधला आरसा काढून टाकलेला नवा प्रकार) का नको, असंही कोणीतरी विचारतंच. पैसे असतील तर खुशाल घ्या. नसतील तर लोक मिररलेसकडे वळल्यामुळे हे कॅमेरे स्वस्तात निघतायत, हे आपलं नशीब समजा.

कागदावर हे दोघं जुळे भाऊ. एकाचे मेगापिक्सेल २४.२, दुसऱ्याचे २४.१. या दशांश एकवरून मी दोन साडूंना भांडताना पाहिलंय. दोघांची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच येणारी, १८-५५ एमएम, दोन्ही लेन्स २५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जातात. दोन्ही बॉडींवर (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) चाक एकच, त्यामुळे मॅन्युअलमध्ये अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) बदलायचं तर एक बटण दाबून धरून चाक फिरवायचं, ही कसरत दोन्हीकडे. स्क्रीन दोघांचेही जागचे हलत नाहीत आणि बाहेरचा माइक लावायला भोक दोघांनाही नाही. म्हणून ज्यांना व्हिडिओ करायचाय त्यांनी या दोघांच्या नादाला लागूच नये. कॅननचा २००डी मार्क टू बघावा. त्याचा स्क्रीन उघडून पुढे वळवता येतो, माइक लागतो आणि व्हिडिओत फोकस शांतपणे चेहऱ्यावर बसतो. पण त्याच्या फ्लॅशच्या खाचेत मधला पॉइंट दिलेला नाही. त्या एका पॉइंटवर चालणारे साधे स्वस्त फ्लॅश त्यावर पेटत नाहीत, हे घेण्याआधी माहीत असलेलं बरं.

फरक नाहीत असं नाही. डी३५०० सेकंदाला ५ फोटो काढतो, १५००डी ३. कंपनीच्या मोजमापाप्रमाणे निकॉनची बॅटरी १५५० फोटो चालते, कॅननची ५००. तीन दिवसांच्या ट्रेकला मी चार्जर घरी ठेवून जातो तो याच भरवशावर. निकॉन ४१५ ग्रॅम, कॅनन ४७५, म्हणजे फरक एका लिंबाएवढा. कॅननमध्ये वायफाय आहे. निकॉनमध्ये नुसतं ब्लूटूथ, फोनवर फोटो रांगत रांगत येतात. आणि एक फरक खरोखर फोटोत दिसणारा: वाड्याच्या अंधाऱ्या ओसरीत आजी बसलीय, मागे अंगणात लख्ख ऊन. अंगण पांढरं फटक पडू नये म्हणून फोटो मुद्दाम काळोखा काढला आणि नंतर कॉम्प्युटरवर आजीचा चेहरा उजळला, तर निकॉनच्या फायलीतून तो बऱ्यापैकी स्वच्छ वर येतो आणि १५००डीच्या फायलीत दाणे लवकर दिसायला लागतात. पण त्यासाठी रॉमध्ये (कॅमेऱ्याने काटछाट न केलेल्या फायलीत) फोटो काढावे लागतात आणि मग कॉम्प्युटरसमोर बसावं लागतं. मला विचारणाऱ्यांपैकी किती जण बसतात, ते त्यांनीच मनाशी ठरवावं.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, मग निकॉनच की! मी स्वतः निकॉनवाला आहे, मला आनंदच होईल. पण माझी एक फजिती ऐका.

कॅमेरा घेतल्यावर वर्षभरात प्रत्येकाला ५० एमएम एफ/१.८ लेन्स हवीशी होते. मागचं सगळं धूसर, माणूस तेवढा लख्ख, अशा फोटोंची ती स्वस्तातली चावी. मीही मुंबईला फोर्टात बोरा बाजारला गेलो. तिथे एक जुनी ५० एमएम हाती लागली, काच नितळ, भाव ऐकून तर मी घासाघीससुद्धा विसरलो. घरी येईपर्यंत धीर कुठला, लोकलमध्येच लावली आणि बटण अर्धं दाबलं. लेन्स ढिम्म. पुन्हा दाबलं. कमरेवर हात ठेवून उभ्या विठोबासारखी शांत.

लेन्स ठणठणीत होती, चुकलो मी. तिच्या नावाच्या शेवटी 'डी' होतं, मला हवं होतं 'जी'. निकॉनचा माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची कडी, १९५९ पासूनचा. त्यावरच्या जुन्या ऑटोफोकस लेन्सना स्वतःची मोटर नसते. बॉडीतल्या मोटरचं स्क्रूसारखं टोक लेन्सच्या मागच्या खाचेत बसतं आणि ते फिरलं की लेन्स फिरते. डी३५०० सारख्या छोट्या बॉडीत ती मोटरच नाही. बॉडी उजेड मापून बरोबर घेते, फोटो निघतो, फोकस मात्र हाताने. व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका पेटेपर्यंत रिंग फिरवत बसायचं. बसलेल्या आजीसाठी ठीक. अंगणभर पळणाऱ्या पुतणीचे मी चाळीस फोटो काढले, त्यातले तीन फोकसमध्ये होते, आणि त्यातल्या एकात नुसती वेणी.

कॅननने १९८७ साली जुना माउंट टाकून नवा ईएफ आणला आणि मोटर लेन्समध्येच बसवली. तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांचा वैताग झालाच असणार, पण आज फायदा असा की कोणाच्या कपाटातून निघालेली जुनी ईएफ लेन्ससुद्धा १५००डीवर लावली की चालायला लागते. निकॉनवाल्याने मात्र नाव पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावं, एएफ-एस किंवा एएफ-पी (म्हणजे मोटर लेन्समध्येच) लिहिलेलं असेल तरच घ्यावी.

म्हणून मी नातेवाइकांची यादी मागतो. बॉडी तुम्ही एकदा घेता, लेन्स आयुष्यभर मागत फिरता. मावसभावाकडे कॅननची टेलिफोटो पडून असेल तर गणपतीत दहा दिवस ती तुमची. ऑफिसातल्या कोणाकडे निकॉनची मॅक्रो, म्हणजे बारीक फुलं अगदी जवळून टिपणारी लेन्स, असेल तर सप्टेंबरात कासला जाताना ती तुमच्या बॅगेत. सेकंदाला दोन फोटो जास्त निघण्यापेक्षा मला हे मोलाचं वाटतं.

सेकंडहँड घेताना मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी, ठेवा खाली. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपड्यांच्या कपाटात ठेवलेली लेन्स अशीच जाते, माझी एक गेलीय. तेव्हापासून लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर राहतात आणि बायको अधूनमधून विचारते, या डब्यात चकल्या का नाहीत. निकॉनचं शटर किती वेळा पडलंय, म्हणजे कॅमेरा किती वापरलाय, ते फोटोच्या फायलीतच नोंदलेलं असतं, विकणाऱ्याकडून ताजा काढलेला मूळ फोटो मागून घ्या. १५००डीच्या फोटोत ते सापडत नाही, तिथे माणूस बघून विश्वास ठेवायचा. जोडीला मोठी झूम मिळत असेल तर तिच्यावरचं नाव वाचा. निकॉनची ७०-३०० व्हीआर (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) असलेली आणि नसलेली, दोन्ही आहेत. कॅननमध्ये त्याच सोयीचं नाव आयएस: ७५-३०० च्या नावात आयएस नसेल तर तिला ती नाही, ५५-२५० आयएसला आहे. ३०० एमएमवर हात किती हलतो ते त्यातून बघितल्याशिवाय कळत नाही.

गेल्या वर्षी भाच्याला घेऊन पुन्हा बोरा बाजारला गेलो. पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, पंजा चांगला मोठा. १५००डी धरला की त्याची करंगळी खाली हवेत लोंबायची, डी३५००ची खोलगट पकड त्याच्या हातात बरोबर बसली. शिवाय माझ्या सगळ्या लेन्स निकॉनच्या. दुकानदारही खूश, मीही खूश. मग माझाच प्रश्न मला आठवला. हा माझ्याकडे येतो दिवाळीत आणि मे महिन्यात. होस्टेलवर शेजारच्या कॉटवर जो मुलगा झोपतो त्याच्याकडे कॅनन आहे, ५५-२५० आहे, फ्लॅशसुद्धा आहे. मी आवंढा गिळून म्हटलं, "१५००डी घे."

दिवाळीला आला तो शेजारच्याची ५५-२५० गळ्यात घालूनच. समोरच्या गच्चीवरचा आकाशकंदील, त्याच्या झिरमिळ्या सुट्या मोजता येतील असा काढून दाखवला. मग माझा कॅमेरा उचलून लेन्स काढायला गेला आणि ती निघेना. निकॉनची लेन्स ज्या दिशेने फिरवून काढतात, कॅननची त्याच्या उलट.

"अरे, उलटा फिरवतोयस."

"उलटा तुझाच आहे, मामा."