“दुसरं काही नाही ना?”

मी काय काम करते ते कळलं की लोक हमखास एकच प्रश्न विचारतात. परवा एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या काकूंनीही तोच विचारला. “अगं, पण कॅमेरा लावल्यावर पेशंट खरं बोलतो होय? आणि डॉक्टर तरी रोजच्यासारखा वागेल?” जिलेबी वाढायला आली होती, म्हणून “वागतात बहुतेक” म्हणत वेळ मारून नेली. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आता नीट सांगते.

काम साधं आहे. डॉक्टर आणि पेशंट, दोघांची परवानगी घेऊन तपासणीच्या खोलीत कॅमेरा ठेवायचा आणि नंतर ते चित्रीकरण पुन्हा पुन्हा बघून बोलणं कुठे अडलं, कुठे तुटलं ते शोधायचं. अठरा वर्षं दवाखाना चालवल्यावर मी याकडे वळले. आता विद्यार्थ्यांना हेच शिकवते.

सुरुवातीला नाटक होतं, नाही असं नाही. एरवी मान वर न करणारे डॉक्टर उठून “या, बसा” म्हणतात. पण ते दोन-तीन पेशंटपुरतंच टिकतं. बाहेर रांग असते, आत दुखणं असतं, कॅमेऱ्याकडे बघायला सवड कुणाला? शिवाय आम्ही जे शोधतो त्याचं नाटक करताच येत नाही. बोलण्यातली शांतता आम्ही सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजतो. नजर कागदावर कधी गेली, त्या क्षणी समोरच्याचं वाक्य कुठे थांबलं, हे ठरवून कोण करणार?

ब्रिटनमधल्या क्रिस्टियन हीथ यांनी 1986 च्या आपल्या पुस्तकात नेमकं हेच दाखवलं होतं. डॉक्टरची नजर हटली की पेशंट अडखळतो, थांबतो, कधी ती परत येण्याची वाट बघतो. मी ते वाचलं होतं, मान डोलावली होती, आणि आपण काही तसे नाही असं मानून मोकळी झाले होते.

मग स्वतःचं चित्रीकरण बघितलं. एक आजी, गुडघेदुखी. मी गोळ्या लिहितेय. आजी म्हणतात, “आणि रात्री...” आणि थांबतात. माझ्या पेनाकडे बघतात. मी मान वर करते आणि म्हणते, “या जेवणानंतर घ्यायच्या हं.” आजी पिशवी उचलतात. ते “आणि रात्री” मला अजिबात आठवत नव्हतं. पुढच्या खेपेला विचारलं तेव्हा म्हणाल्या, “तेव्हाच सांगणार होते, पण तुम्ही लिहीत होतात.” रात्री चार-पाचदा लघवीला उठावं लागत होतं. तपासलं तर साखर वाढलेली निघाली.

यात मी एकटी नाही, एवढाच काय तो दिलासा. 1984 साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी 74 भेटींची ध्वनिमुद्रणं ऐकली. पेशंट तक्रार सांगू लागल्यावर डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत मध्ये बोलत होते. 1999 च्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की ज्यांना पूर्ण बोलू दिलं त्यांना, मध्येच तोडलेल्यांपेक्षा, सरासरी फक्त 6 सेकंद जास्त लागले. (भारतात प्राथमिक तपासणीची भेटच जेमतेम दोन मिनिटांची, असं 2017 च्या एका आढाव्यात आहे. त्या हिशेबात 18 सेकंद म्हणजे चैनच.)

मला सगळ्यात आवडतो तो 2007 चा जॉन हेरिटेज आणि सहकाऱ्यांचा अभ्यास. तोही अमेरिकेतलाच, 20 डॉक्टरांच्या भेटींचं चित्रीकरण करून केलेला. “आणखी काही आहे का?” हा एकच प्रश्न, पण निम्म्या डॉक्टरांनी तो ‘एनीथिंग’ वापरून विचारायचा, निम्म्यांनी ‘समथिंग’ वापरून. ‘एनीथिंग’ला सुमारे 53 टक्के पेशंट “हो” म्हणाले, ‘समथिंग’ला 90 टक्के. मराठीत अशी शब्दांची जोडी नाही, पण आपल्याकडे ‘ना’ आहे. “दुसरं काही नाही ना?” असं म्हणत आपला हात बेलकडे जातो. याला “आहे” म्हणायला पेशंट भांडकुदळच हवा. विद्यार्थ्यांना मी “आणखी काय त्रास होतोय?” असं विचारायला लावते. पहिल्या दिवशी सगळे कुरकुरतात की रांग लांबेल.

त्यामुळे नाटकाची मला फारशी काळजी नाही. काळजी आहे ती परवानगीची. आपल्याकडे डॉक्टरांना “नको” म्हणणारा पेशंट विरळा. कागद पुढे केला की सही होते, नाहीतर अंगठा. म्हणून आमच्याकडे डॉक्टर स्वतः विचारत नाहीत. बाहेर दुसरं कुणीतरी विचारतं, आणि भेट संपल्यावर पुन्हा विचारतं की हे ठेवू की पुसू?

एकदा एक गृहस्थ तपासून घेऊन बाहेर गेले, रस्त्यापर्यंत पोचले आणि परत आले. पुसा म्हणाले. पोटदुखीसाठी आले होते आणि बोलता बोलता पिण्याबद्दल सगळं सांगून बसले होते. कॅमेरा होता हे पायऱ्या उतरल्यावर ध्यानात आलं. त्यांच्यासमोरच पुसलं. डॉक्टर मात्र नंतर दिवसभर हळहळत होते. त्या दिवशीची तेवढीच एक भेट बघण्यासारखी झाली होती म्हणे.