तांबडी सुर्ला, चौथी फेरी

फेब्रुवारीचा पहिला रविवार. फोंड्याहून पहाटे पाचला निघालो. मोलेपर्यंत गाडी मी चालवली, पुढे मित्राने. या गृहस्थाने फ्रॉगमाउथ, म्हणजे वाळक्या पानांत बेमालूम मिसळणारा निशाचर पक्षी, पाच वर्षांपूर्वीच पाहिलाय आणि दर फेरीत एकदा तरी तो ते मला ऐकवतोच. माझ्या तीन फेऱ्या कोरड्या गेलेल्या.

सकाळचं थोडक्यात. महादेवाच्या देवळापाशी नदीकाठी शीळकरी कस्तूर, अंधारात नुसती शीळ. ऊन आल्यावर मिश्र थवा: निखार, शिलींध्री, पिवळ्या भुवईचे बुलबुल, आणि त्यांनी उडवलेले किडे आयते टिपायला भृंगराज. आठ-दहा मिनिटांत सगळं सामसूम. आपला गोव्याचा राज्यपक्षी, फ्लेम-थ्रोटेड बुलबुल, दोन. ट्रोगन या रंगीत जंगली पक्ष्याने आवाज दिला, दर्शन दिलं नाही.

पुढे वाटेत एक गट फोनवर फ्रॉगमाउथची हाक वाजवत उभा होता, तीही स्पीकर जोडून. रात्रभर शिकार करून दिवसा झोपलेल्या पक्ष्याला असं उठवायचं आणि वर फोटो काढायचा! मित्र काही बोलला नाही, फक्त वाट बदलली.

दुसऱ्या वाटेवर बांबू आणि वेलींची जाळी आहे, वाळकी पानं अडकून पडलेली. प्रत्येक झुबक्यावर दुर्बीण लावत सरकत होतो. एका ठिकाणी मी थबकलो.

‘अरे, श्वास घेतोय बघ.’

‘वारा आहे रे तो.’

तरी मी हट्टाने वीस मिनिटं त्या पानाकडे बघत बसलो. पानच होतं. (मागच्या फेरीत फणसाच्या पानाचे चौदा फोटो काढलेत, ते अजून डिलीट केलेले नाहीत.) दुर्बीण खाली घेतली तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली, अख्खी जाळी सळसळली, आणि डावीकडची दोन पानं तेवढी हलली नाहीत.

जोडी! अंगाला अंग चिकटवून, जमिनीपासून फार तर दहा फुटांवर. एक राखाडी, तो नर. दुसरी तांबूस, ती मादी. चोचीच्या मुळाशी राठ केसांची मिशी, इतकी दाट की चोच केवढी रुंद आहे ते कळतच नाही. डोळ्यांच्या नुसत्या फटी. मी कॅमेरा वर घेतला आणि नराची चोच हळूहळू आभाळाकडे वळायला लागली, घड्याळाच्या काट्यासारखी. बघता बघता पक्ष्याची मोडकी फांदी झाली. दिसायला झकास, पण तसं करतो म्हणजे त्याला आपला धोका वाटतोय. मित्राने मागून माझा शर्ट ओढला. दहा पावलं मागे आलो तेव्हा कुठे चोच पुन्हा खाली आली.

फोटो एकच बरा आहे, तोही अपुऱ्या उजेडातला (आयएसओ ३२००, शटर १/३०), आणि मादीच्या नेमक्या डोळ्यावर काटकी आडवी. चालेल. जागा नेमकी कुठली ते लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

मित्र बराच वेळ गप्प होता. मोलेला भाजी-पाव खाताना म्हणाला, ‘माझ्या वेळी एकटाच होता. तुला जोडी मिळाली.’ पाच वर्षांचं टोमण्यांचं व्याज तिथेच फिटलं. बिल मात्र मलाच भरावं लागलं.

परतताना घरी न वळता करमळीच्या तळ्यावर गेलो, पण ऊन समोरून होतं. अडई बदकं भरपूर, जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी. मोजणी केली नाही, कंटाळा आला होता.

गोव्यात पाहिलेल्या पक्ष्यांची माझी यादी आता २४३ जातींची. आता ब्लू-ईअर्ड खंड्या शोधायचाय. नेहमीच्या छोट्या खंड्याच्या कानावर तांबूस पट्टा असतो, याचा कान निळा, आणि हा सावलीतले जंगली ओढे सोडत नाही. तो मित्राच्याही यादीत नाही, हे मी त्याला घरी पोचेपर्यंत तीनदा सांगितलं.