शिवशिवणारे हात

धरमपेठेतल्या आमच्या गल्लीत शेजारच्या काकाजींची फियाट ११०० उभी असते. १९७४ साली प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळालं, त्याच्या आधीची. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, बंपर क्रोमचे. तिच्यापाशी थांबणाऱ्या प्रत्येकाचे हात शिवशिवतात. कोणी बोटाने धूळ पुसून पाहतो, कोणी खिशातला रुमाल काढतो आणि एखादा तरी सांगतोच, "रॉकेलचा हात मारून द्या ना काकाजी, चमकून जाईल."

"चमकते ना. अन् संध्याकाळपर्यंत सारी धूळ त्यालेच चिकटते," काकाजी म्हणतात. रॉकेलने रंगावरचं मेण निघतं, तेलकट थर उरतो आणि काचांभोवतीचं रबर फुगतं, ते वेगळंच.

नागपूरची धूळ काही साधी नाही. रस्त्यांची खोदाई बारमाही, त्यात कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राकडची राख. कोरडं फडकं फिरवलं की हेच कण रंगावर गोल गोल ओरखडे काढतात. म्हणून काकाजी आधी नुसतं पाणी सोडतात, तेही हलक्या धारेने. मग दोन बादल्या: एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायचं पाणी. भांड्यांचा साबण वर्ज्य. उन्हाळ्यात हा कार्यक्रम ऊन चढायच्या आत उरकावा लागतो. पारा ४५वर गेला की तापलेल्या पत्र्यावर शाम्पू धुवायच्या आतच वाळतो आणि बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग बसतात.

पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागला की नवखा माणूस घाबरतो. आजच्या गाड्यांना रंगावर एक पारदर्शक थर असतो, जुन्यांना तो नाही. त्यामुळे फडक्यावर येतो तो खुद्द रंगच. दर पॉलिशला तो साबणाच्या वडीसारखा थोडा थोडा झिजतो आणि कडांवर आधी पत्रा दिसायला लागतो. गाडी दर महिन्याला आरशासारखी करणाऱ्यांची मला त्यामुळे जरा भीतीच वाटते. थोडा मंदावलेला मूळ रंग मला चकचकीत नव्या रंगापेक्षा जास्त आवडतो. तो एकदा गेला की कितीही पैसे मोजून परत मिळत नाही.

क्रोमचंही तसंच. वरचा थर अगदी पातळ, चमक बरीचशी खालच्या निकेलची. तारेच्या घासणीने गंज जातो, थरही जातो. काकाजी डब्यातल्या पोळ्यांच्या चांदीच्या कागदाचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने चोळतात. तो कागद ॲल्युमिनियमचा, क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे वरवरचा गंज तेवढा निघतो.

खरी परीक्षा खंडेनवमीला आणि दसऱ्याला. घरातली मंडळी ओल्या हळदीकुंकवाचं स्वस्तिक बॉनेटवर काढायला निघतात, झेंडूचा हार चिकटपट्टीने लावायला बघतात. ती पट्टी ओढली की जुन्या रंगाचा पापुद्रा सोबत येतो! काकाजींनी त्यावर तोड काढली आहे. स्वस्तिक पुढच्या काचेवर, हार आरशाला दोऱ्याने. काकूंना ते अजून पूर्ण पटलेलं नाही.

या सगळ्या पुसापुशीत एका जागेकडे कोणाचंच लक्ष जात नाही. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. काचेच्या फटीतून आत गेलेलं पावसाचं पाणी तिथून गळायला हवं. लिंबाची पानं आणि माती अडकली की पाणी आतच साचतं आणि बाहेरून झळाळणारं दार आतून कुजतं. मृग लागायच्या आत काकाजी चटईवर आडवे होऊन प्रत्येक भोक बांबूच्या काडीने मोकळं करतात, मग काचेच्या फटीत पेलाभर पाणी ओतून खाली गळतं का ते बघतात. त्यांचं पाहून मी आमच्या जुन्या मारुतीच्या दारांत काडी घातली. जी माती निघाली, त्यात तुळस लागली असती.