बंदुकीची चंची

आजोबा अंधारात पान लावायचे. कोकणातल्या आमच्या घरी तेव्हा संध्याकाळी वीज असण्यापेक्षा नसण्याचीच सवय जास्त होती. खळ्यात बसून ते मांडीवर चंची उलगडायचे आणि आमच्याशी बोलता बोलता पान, चुना, कात, सुपारी, तंबाखू सगळं जिथल्या तिथून बाहेर यायचं. अडकित्ता कट्ट वाजला की समजायचं, आता गोष्ट दोन मिनिटं थांबणार. चंचीकडे मान वळवून त्यांनी बघितलेलं मला आठवत नाही.

ती चंची मला आठवली चाळीस वर्षांनी, पेन्सिल्व्हेनियात, घराच्या तळघरात बसून चामड्याची पिशवी उसवताना. शिवताना नव्हे, उसवताना. त्याचं असं झालं.

इथे नाताळचा दुसरा दिवस उजाडला, की हरणाच्या शिकारीचा एक वेगळाच हंगाम सुरू होतो. 26 डिसेंबरपासून जानेवारीत काही दिवस. त्यात बंदूक चालते ती फक्त चकमकीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी ठासायची आणि गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडायची. 1974 साली हा हंगाम पहिल्यांदा ठेवला गेला. या राज्याला त्या बंदुकीचा अभिमानही आहे, कारण अठराव्या शतकात लँकेस्टरच्या आसपासच्या जर्मन कारागिरांनीच ती लांब नळीची, सडपातळ रायफल घडवली. नाव मात्र पुढे केंटकी या दुसऱ्याच राज्याचं झालं. कष्ट एकाचे, नाव दुसऱ्याचं, हे काही आपल्याला नवीन नाही.

मला या नादाला लावलं शेजारच्या म्हातारबुवांनी. आधी कागदी निशाण्यांवर, मग रानात. बंदूक त्यांचीच, जुनी. ‘पिशवी मात्र स्वतःची कर,’ असं त्यांनी बजावलं. ‘दुसऱ्याच्या पिशवीत आपला हात हरवतो.’

ठासणीची बंदूक मी लहानपणी पाहिलेली होती. आमच्या वाडीत एकाकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची होती, माकडं आणि रानडुकरं हाकायला. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि माकडांना आचारसंहितेचा आनंद मिळायचा. तिचा सरंजाम म्हणजे बाटलीत दारू, बामच्या रिकाम्या डबीत केपा आणि हे सगळं बाजारच्या नायलॉनच्या पिशवीत. त्यामुळे पिशवीत एवढं काय असणार, असं मला वाटलं.

पहिली पिशवी मी बारा इंच रुंद केली. आत चार कप्पे, बाहेर दोन खिसे, झाकणाला झालर. सामानाची यादी करून त्या यादीच्या मापाने शिवली: गोळ्या, गोळ्या ओतायचा साचा, चिंध्या, चरबीची डबी, चाकू, जादा गारगोट्या, पेचकस, नळी पुसायचा ताग, अडकलेली गोळी उपसायचा स्क्रू, शिवाय डबा आणि थर्मास. म्हातारबुवांनी ती खांद्याला अडकवलेली बघितली आणि विचारलं, ‘बिऱ्हाड कुठे हलवतोयस?’

मग त्यांनी त्यांची दाखवली. सात-आठ इंचांची, चौकोनी म्हणावी अशी, तळाला किंचित गोल. जुन्या पिशव्या साधारण अशाच असत. पट्टा इतका आखूड की पिशवी काखेखाली, कोपराच्या वर बसते. कमरेपर्यंत लोंबणारी पिशवी चालताना मांडीवर आपटते, वाकलं की पुढे येते आणि पळालं तर मागून रट्टे देते. माझी हे सगळं करत होती. आता ती स्वयंपाकघराच्या दारामागे आहे, तिच्यात कांदे असतात.

दारू पिशवीत ठेवतच नाहीत. ती शिंगात. बैलाचं शिंग उकळून आतला गाभा काढायचा, रुंद तोंडाला लाकडी बूच ठोकायचं, टोकाला भोक पाडून खुंटी लावायची. शिंगाला पाणी लागत नाही, त्यातून ठिणगी उडत नाही आणि वजन नगण्य. हौशी लोक ते तासून तासून इतकं पातळ करतात की उजेडासमोर धरलं की आतली दारू किती उरली ते दिसतं. शिंग निवडताना बघायचं ते वळण. आतली बाजू बरगड्यांवर टेकली पाहिजे. डाव्या आणि उजव्या अंगाची शिंगं वेगळी, बुटांसारखीच. बैलाने ही सोय आधीच करून ठेवलेली आहे. 1754 नंतर फ्रेंचांशी चाललेल्या लढाईत इथल्या शिपायांनी आपापल्या शिंगांवर नकाशे कोरले: नद्या, किल्ले, वाटा. अंगावर नकाशा आणि नकाशात दारू.

शिंगातून थेट नळीत ओतायचं मात्र नाही. आधीच्या बाराची एखादी ठिणगी आत धुमसत असली, तर पेट शिंगापर्यंत येतो आणि हातात बॉम्ब असतो. म्हणून मधे माप. माझं हरणाच्या शिंगाच्या टोकाचं आहे, सत्तर ग्रेनचं, म्हणजे जेमतेम साडेचार ग्रॅम. मग चरबी लावलेली चिंधी, तिच्यावर शिशाची गोळी, आणि गजाने ठासायचं. चिंधीसाठी इथले जाणकार उशीच्या अभ्र्याचं निळ्या पट्ट्यांचं घट्ट कापड वापरतात. हात लावताच ओळखीचं वाटलं. आपला गादीपाट.

सगळ्यात लाडकं हत्यार मात्र सर्वांत क्षुल्लक. बाहेरच्या वाटीत ठेवलेली रंजक, म्हणजे पेटवणीची चिमूटभर दारू, पेटते आणि तिचा जाळ एका बारीक भोकातून आतल्या दारूपर्यंत जातो. त्या भोकाला आपल्याकडे कान म्हणत. तोफांच्या कानात खिळे ठोकून त्या निकामी केल्याचं आपण बखरीत वाचतोच. तर हा कान काजळीने बुजतो आणि तो साफ करायला लागते एक तार, बंदुकीचं कानकोरणं. ते पिशवीच्या पट्ट्याला बारीक साखळीने टांगतात, शेजारी वाटी झटकायचा चिमुकला ब्रश. कान बुजला, की रंजक जळते, डोळ्यांसमोर धूर होतो आणि पुढे काही नाही. फुसका बार! हा शब्द मी आयुष्यभर पुढाऱ्यांसाठी वापरला होता.

ही काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, साधारण 75, 15 आणि 10 या प्रमाणात. शेजारच्या डेलावेअरमध्ये ब्रँडीवाइन नदीकाठी ड्यू पाँ कुटुंबाने 1802 मध्ये तिचा कारखाना काढला. आता तिथे हॅग्ली संग्रहालय आहे. गिरण्यांच्या तीन भिंती जाड दगडी आणि नदीकडची बाजू मुद्दाम कच्ची, म्हणजे उडालंच तर नदीकडे उडावं. तिथे हिंडताना सोऱ्याची हकिकत कळली. तो बऱ्याच काळापर्यंत हिंदुस्थानातून येई, मुख्यतः बिहारकडून. अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा, 1861 मध्ये, घरातला लामो ड्यू पाँ गुपचूप लंडनला गेला होता, तिथला हिंदुस्थानी सोरा विकत घ्यायला. परदेशात येऊन स्थिरावलेले पहिले आपण नव्हे, सोरा होता.

दुसरी पिशवी शिवायला हिवाळा गेला. झाडाच्या सालीवर कमावलेलं गाईचं चामडं घेतलं, कोल्हापुरी चपलेच्या जातीचं. तिथे बाभळीची साल आणि हिरडा वापरतात, इथे ओक. मेणातून ओढलेला लिननचा दोरा, दोन सुया, आणि आरीने पाडलेल्या एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा. असा एक टाका तुटला तरी शेजारचे उसवत नाहीत. गावच्या चप्पलवाल्या काकांची रापी चामड्यावरून कशी सरसर फिरायची! माझी अडखळत, दातओठ खात. रंगासाठी बरणीत व्हिनेगर घालून त्यात गंजके खिळे दोन आठवडे ठेवले. ते पाणी फिरवलं की कमावलेलं चामडं बघता बघता काळं पडतं. हिरड्यात हिराकस घालून शाई करायचे, तीच ही करामत. वास तळघरातून वर आला तेव्हा घरात जे बोलणं झालं, ते इथे देत नाही.

कप्पे आता दोनच, जादाचे उसवून टाकले. गोळ्या ओतायचा साचा घरी, पेचकस घरी, डबा गाडीत. गोळी नळीच्या तोंडात दाबायचा आखूड दट्ट्याही काढून टाकला. तो जुन्या काळी होता की नव्हता यावर इथले शौकीन तासन् तास भांडतात, आणि मला त्या भांडणातून सुटका हवी होती. प्रत्येक वस्तू काढताना वाटायचं, हिच्यावाचून अडणार. एकीवाचूनही अडलं नाही.

डिसेंबरात बर्फ होतं. म्हातारबुवा एका झाडाखाली, मी शंभर पावलांवर दुसऱ्या. दुपारी एक मादी खाली ओढ्याकडून हळूहळू वर आली. नेम धरला, चाप ओढला. फुस्स! रंजक जळली, धूर झाला, बार नाही. बार उशिरानेही उडू शकतो, म्हणून नळी तशीच समोर धरून थांबलो. मग डोळे तिच्यावर ठेवून कानकोरणं ओढलं, कान साफ केला, वाटी पुसली, छोट्या शिंगातून नवी रंजक घातली. तेवढ्यात तिने एकदा मान वर केली आणि चार ढांगांत ओढ्यापार गेली.

म्हातारबुवांनी सगळं पाहिलं होतं. सावकाश चालत आले.

‘पिशवीत बघावं लागलं का?’

‘नाही.’

त्यांनी मान डोलावली आणि खिशातून सँडविच काढून अर्धं माझ्यापुढे धरलं.