नांदूरमध्यमेश्वरचे १२० तास

एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आम्हाला चार क्रेडिटचं ओजेटी, म्हणजे ऑन-जॉब ट्रेनिंग होतं, एकूण १२० तास. वर्गातल्या बऱ्याच जणांनी नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या लॅब गाठल्या. मला नांदूरमध्यमेश्वरच हवं होतं, निफाड तालुक्यातलं धरणाकाठचं पक्षी अभयारण्य. खरं सांगते, रोहित पक्षी बघायचे होते. अभ्यास वगैरे नंतर सुचलं.

अभयारण्य बघायला तिकीट पुरतं, पण अभ्यास करायचा तर परवानगी लागते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातच तशी तरतूद आहे. कॉलेजचं पत्र, मॅडमची शिफारस, दोन पानी आराखडा असं सगळं जोडून दिलं आणि अर्ज परत आला. का, तर मी लिहिलं होतं, ‘नमुने गोळा करणे’. वाचणाऱ्याला वाटलं, ही मुलगी पिसं-अंडी उचलून नेणार. मला म्हणायचे होते पाण्याचे नमुने! त्या एका शब्दापायी बारा दिवस गेले. दुसऱ्या अर्जात किती बाटल्या, किती मिलिलिटर, कुठून, कधी असं सगळं फोडून लिहिलं, तेव्हा सही झाली. कुणाला जायचं असेल तर दिवाळीआधीच कागद हलवा. थंडीचे पाहुणे मार्चपर्यंत परतीला लागतात.

काठच्या गावातलं अभ्यासकेंद्र म्हणजे एक खोली, दोन दुर्बिणी आणि एक स्पॉटिंग स्कोप. निफाडचा पारा थंडीत रोज पेपरात का येतो, ते पहाटे साडेसहाला मनोऱ्यावर उभं राहिल्यावर कळलं. येताना वाटेत द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटलेल्या असायच्या. मोटारसायकलवर मागे बसून मी त्यांच्याकडे आशेनं बघायची.

पहिलं काम वारकरी मोजायचं. काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा, आणि थव्यात इतके की पाणी दिसू नये. मी बोटानं एकेक मोजत होते. तिथले गाइड काका म्हणाले, “ताई, असं मोजाल तर संध्याकाळ व्हईल. आधी दहा मोजा, तेवढा तुकडा डोळ्यात धरा, मग असे किती बसतात ते बघा.” त्या दिवशी माझे ३४० आले, त्यांचे ५२०. पंधरा दिवसांनी आमच्यात वीस-पंचवीसचाच फरक पडायला लागला.

हे धरण गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ, ब्रिटिशांच्या काळातलं. त्यात गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं. साठवणीचं नुकसान, पाखरांची चैन. २०२० साली ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून जाहीर झालं. पण तिथला खरा कारभार कालव्याच्या आवर्तनावर, म्हणजे शेतीसाठी पाळीनं सोडायच्या पाण्यावर चालतो. पाणी सुटलं की पातळी उतरते, गाळ उघडा पडतो आणि तुतारी, शेकाटे असे चिखलात चोच खुपसणारे पक्षी चरायला उतरतात. काका फोनवर एवढंच सांगायचे, “आवर्तन सुटलंय, परवा या.”

माझा विषय पानवेलीचा, म्हणजे पाण्यावर पसरणाऱ्या जलपर्णीचा होता. पहाटे दोन बाटल्या भरायच्या, एक उघड्या पाण्याची, एक पानवेलीखालची. पहाटेच, कारण पाणवनस्पती रात्रभर श्वास घेतात आणि सूर्योदयाच्या सुमारास पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. आत बुडबुडा राहता कामा नये. बधिर बोटांनी काचेचं बूच बसवताना माझी एक बाटली फुटलीसुद्धा. मग त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घालायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. उघड्या पाण्याची बाटली चहासारखी झाली. पानवेलीखालची ताकासारखी पांढुरकी. पुस्तकात हे दोनदा वाचलं होतं, तरी मी ती बाटली उन्हाकडे धरून कितीतरी वेळ बघत राहिले.

आणि रोहित? माझ्या तक्त्यात त्या रकान्यात शेवटपर्यंत शून्य. सुरुवातीला मी रकाना रिकामाच सोडायची, तर काकांनी टोकलं, “शून्य लिहा. रिकामं म्हणजे तुम्ही बघितलंच नाही.”

कॉलेजच्या लॉगबुकात तासांची वेळ दहा ते पाच छापलेली होती. मी ती खोडून साडेसहा ते साडेदहा लिहिलं, तर ऑफिसातून वही परत. छापील वेळेत बसवून आणा म्हणे. दहानंतर पक्षी बेटांवर झोपा काढतात, तेव्हा काय मोजू? मॅडमनी एकेका खाडाखोडीशेजारी सही केली. तीस सह्या झाल्या.