हिरव्या नेत्याचं सांगली-साताऱ्यातलं मतांचं गणित

नदीसाठी, डोंगरासाठी वीस-वीस वर्षं राबलेला माणूस नव्या पक्षाचा प्रमुख झाला की पहिला महिना सत्कारातच जातो. असा माणूस निवडून यायलाच पाहिजे, असं जो तो म्हणतो. मलाही मनापासून तेच वाटतं, आणि म्हणूनच सांगली-सातारा जिल्ह्यांतल्या त्याच्या मतांचा हिशेब आत्ताच मांडायला हवा.

जर्मनीत १९८३ साली ग्रीन पक्षाला ५.६ टक्के मतं पडली आणि संसदेत २७ जागा मिळाल्या, कारण तिथं मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. ब्रिटनमध्ये आपल्यासारखीच पद्धत आहे, ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून येतो. तिथल्या ग्रीन पक्षाचा २०१० पासून २०२४ पर्यंत एकच खासदार होता, ब्रायटनचा. २०२४ ला चार झाले. ठरावीक मतदारसंघ धरायचे, आधी तिथल्या स्थानिक निवडणुका जिंकायच्या आणि ताकद तिथंच लावायची, अशी त्यांची आखणी होती. आपल्याला घेण्यासारखं आहे ते हे.

विधानसभेचा मतदारसंघ ढोबळमानानं ३ लाख मतदारांचा धरा. मतदान ७० टक्के झालं तर २ लाख १० हजार मतं. अनामत वाचवायलाच त्याच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त, म्हणजे ३५ हजारांच्या वर मतं पाहिजेत. पर्यावरणाच्या नावावर एवढी मतं दोन्ही जिल्ह्यांत एका जागी कुठंच नाहीत. तेच झेडपीचा २८ हजार मतदारांचा गट धरला तर तिरंगी लढतीत सात-आठ हजार मतांवर तो निघतो. आर. आर. आबा १९७९ साली सावळज गटातूनच झेडपीवर गेले आणि १९९० ला आमदार झाले. राजू शेट्टी २००२ ला झेडपी, २००४ ला शिरोळमधून विधानसभा आणि २००९ ला लोकसभा, असे पायरीपायरीनं चढले. नव्या नेत्यानं पहिल्या फेरीत दोन जिल्ह्यांत मिळून चार-पाच गटच लढवावेत. सोळाच्या सोळा विधानसभा लढवायची घोषणा झाली, तर कार्यकर्ता आणि पैसा दोन्ही पहिल्याच फेरीत संपतील.

मुद्दे मात्र पट्ट्यापट्ट्यानं बदलतात. नदीकाठी गळीत हंगामात कृष्णेचं पाणी काळपट होतं, काठाला फेस धरतो आणि एखाद्या सकाळी घाटाच्या पायऱ्यांशी मेलेले मासे पांढरं पोट वर करून तरंगताना दिसतात. संताप खरा असतो. पण ‘कारखाना बंद करा’ म्हणणारा उमेदवार उसाच्या पट्ट्यात तिथंच संपतो, कारण उसाचं बिल, तोड, वाहतूक, पोराची नोकरी सगळं त्या चिमणीखाली आहे. मागणी नेमकी हवी: सांडपाणी चोवीस तास मोजणारी यंत्रं बसवणं बंधनकारक आहेच, त्यांचे रोजचे आकडे काठावरच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. ही मागणी कारखान्याचा सभासदही उचलून धरतो, कारण तेच पाणी त्याच्या घरात येतं.

पुराचं गणित अवघड आहे. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटर करायला इथले सगळेच पक्ष विरोध करतात, त्यामुळे त्या मुद्द्यावर नव्या पक्षाला वेगळं मत मिळत नाही. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीच्या बाजूनं बांधकामाला मनाई असलेल्या हद्दीच्या आतली बांधकामं हा न बोलला जाणारा विषय आहे, कारण तिथं मतदार राहतो. हा विषय काढावाच, पण आधी पर्यायी जागा कुठली ते सांगून. नाहीतर ‘आमची घरं पाडायला आलाय’ ही हूल एका दिवसात वॉर्डभर फिरते.

जत, आटपाडी, माण, खटावकडं नेत्याला पहिला प्रश्न येणार तो आवर्तनाचा: पाणी कधी सुटणार? टेंभू, म्हैसाळ या पाणी उचलून देणाऱ्या उपसा योजनांच्या वीजबिलात ८१ टक्के सरकारचे आणि १९ टक्के शेतकऱ्यांचे, हे त्याला तोंडपाठ पाहिजे. गावांच्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत २०१६ ला कोरेगाव तालुक्यातलं वेळू आणि २०१८ ला माणमधलं टाकेवाडी पहिलं आलं, म्हणजे कामाची आस्था या भागात आहे. पण श्रमदानाला एकत्र आलेले गट मतदानाला वेगळे होतात. गावातल्या दोन्ही गटांचा एकेक माणूस बरोबर नसेल, तर जलसंधारणाची पुण्याई मतपेटीपर्यंत पोचत नाही.

पाटण, जावळीत ‘इको सेन्सिटिव्ह’ शब्दाचीच धास्ती आहे. पश्चिम घाटातल्या अशा संवेदनशील क्षेत्रासाठी केंद्रानं काढलेल्या जुलै २०२४ च्या मसुद्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. त्यात बंदी आहे ती खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, नवे औष्णिक प्रकल्प, लाल वर्गातले नवे उद्योग आणि २० हजार चौरस मीटरवरची बांधकामं यांवर. शेतीवर किंवा राहत्या घराच्या दुरुस्तीवर बंदी नाही. ही यादी मराठीत छापून घरोघर द्यावी, तीही निवडणुकीच्या वर्षभर आधी.

कागदपत्रांत नवे पक्ष हमखास अडकतात. केंद्रीय आयोगाकडची नोंदणी झेडपीला पुरत नाही, राज्य निवडणूक आयोगाकडं वेगळी करावी लागते. विधानसभेला मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला १० सूचक लागतात, तेही त्याच मतदारसंघातले मतदार. एक नाव जरी बाहेरचं निघालं तरी अर्ज बाद, म्हणून दुसरा संच दहा वेगळ्या सूचकांचा भरून ठेवावा. प्रतिज्ञापत्रात रकाना कोरा सोडू नये, ‘निरंक’ लिहावं. एबी फॉर्म, म्हणजे हा आमचा अधिकृत उमेदवार असं पक्षाचं पत्र, शाईच्या सहीचा हवा आणि शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचला पाहिजे.

चिन्हाकडं तर दुर्लक्ष नकोच. साताऱ्यात २०२४ च्या लोकसभेला तुतारीचा, म्हणजे शरद पवार गटाचा, उमेदवार ३२,७७१ मतांनी पडला आणि तुतारीशी घोळ होईल अशा पिपाणी चिन्हाच्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. यंत्रावर मान्यताप्राप्त पक्ष आधी, नोंदणीकृत पक्ष नंतर आणि अपक्ष शेवटी, म्हणजे नव्या पक्षाचं नाव खालीच येणार. यादी लागल्या संध्याकाळी नमुना मतपत्रिका छापायला टाकावी आणि म्हाताऱ्या माणसांच्या हातात देऊन ‘आपलं बटण कुठलं?’ असं बोट ठेवून विचारावं. त्याच निवडणुकीत सांगलीत लिफाफा चिन्ह थोड्या दिवसांत घरोघर पोचलं आणि अपक्ष निवडून आला, पण त्यामागं वसंतदादांच्या घराण्याची दशकांची बांधणी होती. नव्या नेत्याला तेच काम गटातल्या प्रत्येक बूथमागं दहा माणसं उभी करून करावं लागेल.